रुग्णशय्येपाशी विदूषक : क्रोध निवविणारे सोंग

होळीची राख निवते न निवते, रंगपंचमीचा रंग अंगावरून पुरता उतरत नाही, तोच फाल्गुन वद्य षष्ठी उजाडते. हीच नाथषष्ठी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस याच तिथीला शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांनी पैठण क्षेत्री आपला देह गोदामाईच्या स्वाधीन केला. आजही षष्ठीपासून अष्टमीच्या काल्यापर्यंत पैठणचे वाळवंट दिंड्यापताकांनी फुलून जाते. घरोघरी नाथांच्या तसबिरीस हार पडतो, एकनाथी भागवताचे वाचन होते आणि रात्री देवळाच्या ओट्यावर भारुड उभे राहते.

या भारुडाचे आम्हांस नित्य नवल वाटत आले आहे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर प्रगाढ टीका लिहिणारा हा पंडित त्याच लेखणीने वासुदेव, जोशी, गारुडी, बहिरा, मुका, आंधळा अशी सोंगे रचतो. वेदान्त ज्यांच्या दारापर्यंत पोहोचत नव्हता, त्यांच्या दारी नाथ सोंग घेऊन गेले. श्रोता आधी हसला, हसता हसता त्याच्या मनाची कवाडे उघडली आणि मग बोध हळूच आत शिरला. हसणे ही पायरी आहे, हे नाथांनी ओळखले होते.

आजच्या पर्वावर आम्ही वाचकांपुढे जो विषय मांडणार आहोत, तो प्रथमदर्शनी नाथषष्ठीस विजोड वाटेल. विषय आहे रुग्णालयात वावरणाऱ्या विदूषकांचा. लाल गोंड्याचे नाक लावून, ढगळ कपडे घालून रोग्याच्या खाटेपाशी जाणाऱ्या या सोंगाड्यांनी पाश्चात्य देशांत गेल्या चार दशकांत जे कार्य केले आहे, ते भाविक कुटुंबांनी समजून घ्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते. कारण त्या कार्याचा संबंध जितका हास्याशी, तितकाच क्रोधाशी आहे. आणि क्रोधावर नाथांइतका अधिकार महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाचा?

कोपाचे घर

रुग्णालय हे वस्तुतः करुणेचे स्थान. परंतु वृत्तपत्र उघडावे तो डॉक्टरांना मारहाण, काचा फोडल्या, परिचारिकेस शिवीगाळ, अशा वार्ता वारंवार दृष्टीस पडतात. हा केवळ आपल्याकडचा प्रकार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे आरोग्यसेवकांपैकी ८ ते ३८ टक्के जणांना आपल्या सेवाकाळात केव्हा ना केव्हा शारीरिक हिंसेला तोंड द्यावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०१० साली यासाठी स्वतंत्र कायदा केला. वैद्यकीय सेवकावर हात उचलणाऱ्यास त्यान्वये ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात जमावाने एका तरुण डॉक्टरास इतके मारले की, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. जून २०१९ मध्ये कोलकात्यात तसेच घडले आणि त्याचे पडसाद देशभर उमटले. २०२० च्या महासाथीत तर केंद्र सरकारला साथरोग कायद्यात दुरुस्ती करून आरोग्यसेवकांवरील गंभीर हल्ल्यासाठी ७ वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करावी लागली.

कायदा हवाच. पण कायदा क्रोध घडून गेल्यावर येतो. क्रोध उपजतो कोठून? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी त्याची वंशावळच सांगितली आहे. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह आणि पुढे बुद्धिनाश. रुग्णालयाच्या ओसरीत बसलेल्या माणसाची कामना एकच असते : आतले आपले माणूस जगावे. त्या कामनेपुढे एक बंद दार असते. दाराआड काय चालले आहे ते कळत नाही, किती वेळ लागेल ते कोणी सांगत नाही, विचारले तर वसकन उत्तर मिळते. भीतीला वाट मिळाली नाही की ती क्रोधाचे रूप घेऊन बाहेर पडते.

आम्हीही त्या ओसरीत बसलो आहो. काही वर्षांपूर्वी आमचे धाकटे बंधू एका जिल्ह्याच्या गावी अत्यवस्थ होते. रात्रीचे दोन वाजले, तरी आतून काही निरोप नव्हता. शेजारी बसलेल्या एका शेतकरी कुटुंबातील तरुण मुठी आवळून येरझारा घालत होता. इतक्यात फरशी पुसणाऱ्या मावशी जवळ आल्या. आमचे पागोटे आणि उपरणे पाहून त्यांनी ओळखले असावे. त्या म्हणाल्या, "बुवा, तुमच्या कीर्तनात पूर्वरंग किती वेळ चालतो?" आम्ही म्हणालो, "तासभर तरी." त्यावर त्या म्हणाल्या, "मग थांबा की. आत डॉक्टरांचा पूर्वरंग चालू आहे. नळ्या लावून झाल्या, आता रक्त तपासताहेत. उत्तररंगाला तुम्हांलाच बोलावतील." आम्हांस हसू आले, त्या तरुणासही आले, आणि तो मटकन खाली बसला. मावशींनी दोन गोष्टी एकदम दिल्या होत्या : एक हसू आणि एक बातमी. या दोहोंची जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

सर्कशीतून रुग्णालयात

रुग्णालयात शिस्तबद्ध रीतीने विदूषक नेण्याचा आरंभ १९८६ साली झाला. न्यूयॉर्कच्या 'बिग ॲपल सर्कस'चे एक संस्थापक मायकेल क्रिस्टेन्सन हे स्वतः विदूषक. आपल्या भावाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर ते तेथील एका बालरुग्णालयातील कार्यक्रमास गेले आणि डॉक्टरांचीच नक्कल करून मुलांना हसविले. त्या एका प्रयोगातून 'क्लाउन केअर' हा नियमित उपक्रम उभा राहिला. हे विदूषक पांढरा डगला घालून 'तपासणी फेरी'ला निघत. लाल नाकाचे प्रत्यारोपण करीत, चॉकलेटच्या दुधाचे 'रक्त' चढवीत. मुलाला ज्या ज्या गोष्टीची धास्ती, तिचीच गंमत करून ती त्याच्या हाती देत. त्याच वर्षी कॅनडातील विनिपेग येथील बालरुग्णालयात कॅरन रिड यांनी स्वतंत्रपणे हेच काम सुरू केले.

पुढे हे लोण वेगाने पसरले. १९९१ मध्ये फ्रान्स, ऑस्ट्रिया व ब्राझील, तर २००२ मध्ये इस्राएल. इस्राएलमधील 'ड्रीम डॉक्टर्स' या संस्थेचे विदूषक रुग्णालयाच्या उपचारगटाचे अंग मानले जातात, आणि हैफा विद्यापीठाने २००६ साली या विद्येचा पदवी अभ्यासक्रमही सुरू केला. अर्जेंटिनातील ब्युनोस आयरेस प्रांताने तर २०१५ साली सरकारी रुग्णालयांच्या बालविभागांत विदूषक असावेत असा कायदाच केला. आपल्या देशातही दिल्ली, पुदुच्चेरी अशा ठिकाणी काही मंडळी हे व्रत चालवीत आली आहेत.

यांची रीत जाणून घेण्यासारखी आहे. ते बहुधा जोडीने जातात. प्रथम परिचारिकेकडून प्रत्येक खाटेची हकीकत ऐकतात : कोणाची शस्त्रक्रिया आहे, कोणास टाके पडले आहेत व हसविणे धोक्याचे आहे, कोणाच्या घरी वाईट बातमी आली आहे. हात धुण्याचे, संसर्ग टाळण्याचे नियम ते डॉक्टरांसारखेच पाळतात आणि ऐकलेले बाहेर बोलत नाहीत. मग खोलीच्या उंबऱ्यावर थांबून विचारतात, "आत येऊ का?" मूल 'नको' म्हणाले, तर नमस्कार करून परत फिरतात. रुग्णालयात सुई नको म्हणता येत नाही, कडू औषध नको म्हणता येत नाही. नको म्हणता येईल असे तेथे एवढे एकच माणूस असते. त्या 'नको'चा मान राखणे हाच त्या मुलावरचा पहिला उपचार होय.

चरकाचार्यांचे पारिषद

हे सारे पाश्चात्यांचे खूळ आहे, असे कोणी म्हणेल, तर त्यांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा अध्याय पाहावा. शोधनोपचारापूर्वी रुग्णगृहात कोणती सिद्धता असावी, याचे तपशीलवार वर्णन तेथे आहे. वास्तू भक्कम असावी, वारा झोंबू नये, धूर व धूळ नसावी, पाण्याची, स्नानाची, स्वयंपाकाची सोय असावी, सेवक शुचिर्भूत व दक्ष असावेत, असे सांगून आचार्य पुढे म्हणतात की, गायन, वादन, श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराण यांत कुशल अशी माणसेही तेथे ठेवावीत. औषधांच्या आणि भांड्यांच्या यादीत आख्यानकारास स्थान देणारा हा ग्रंथ दोन सहस्र वर्षांच्या आसपासचा आहे!

परंतु आम्हांस त्याहूनही महत्त्वाची वाटतात ती या माणसांना लावलेली विशेषणे. ती माणसे 'अभिप्रायज्ञ' असावीत, म्हणजे रोग्याच्या मनातले न सांगता ओळखणारी. 'अनुमत' असावीत, म्हणजे त्याला मान्य असलेली. आणि 'देशकालविद्' असावीत, म्हणजे स्थळ व वेळ यांचे भान असलेली. उंबऱ्यावर थांबून परवानगी मागणारा आजचा विदूषक या तीन शब्दांचे पालनच करीत नाही काय? त्याने चरक वाचला नसेल. पण रोग्याचे मन सर्वत्र एकच असल्यामुळे त्याच्यापाशी जाण्याची वाटही एकच निघाली.

याच सूत्रस्थानात अन्यत्र श्रेष्ठ गोष्टींची एक लांब गणना आली आहे. तीत रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला अग्रस्थान दिले आहे आणि तृप्ती देणाऱ्या गोष्टींत हर्षाला. विषाद हा केवळ मनाचा विकार न मानता तो रोगाचे खाद्य आहे, असे आपल्या वैद्यांनी मानले होते.

वसंतकाची चूक

विदूषक ही तर संस्कृत रंगभूमीची जुनी ठेव. कोल्हापूरचे संस्कृतपंडित गो. के. भट यांनी या पात्राचा स्वतंत्र ग्रंथातून सखोल अभ्यास मांडला आहे. भरतमुनींनी हास्यरसाचा वर्ण श्वेत सांगितला आणि त्याची देवता शिवाचे प्रमथगण मानली. हास्याचे त्यांनी सहा प्रकार केले : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. यांपैकी पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, म्हणजे गाल किंचित फुलतील, दात जेमतेम दिसतील एवढेच. रुग्णशय्येपाशी हवे ते हेच. खो-खो हसविणे हे तेथले ध्येय नव्हे. आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेले मूल वळून पाहू लागले, तरी विदूषकाचे काम झाले.

भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'तील पाचवा अंक या दृष्टीने पुन्हा वाचावा. राणी पद्मावतीचे मस्तक दुखत आहे म्हणून समुद्रगृहात तिची शय्या मांडली आहे. राजा उदयन तिच्या समाचाराला येतो, पण ती अद्याप आलेलीच नाही. वासवदत्तेच्या वियोगाने पोळलेला राजा त्या शय्येवर टेकतो आणि विदूषक वसंतक त्याला गोष्ट सांगू लागतो. सांगताना नगराचे नाव राजाला देतो आणि राजाचे नाव नगराला! राजा त्याला दुरुस्त करतो. वसंतक ती दुरुस्ती मोठ्याने घोकू लागतो आणि ते ऐकता ऐकता कित्येक दिवसांच्या शोकाने थकलेल्या उदयनाला झोप लागते.

रुग्णालयातील विदूषकाची सगळी विद्या या एका चुकीत साठवली आहे. आजारी माणसाची पहिली व्यथा रोगाची, पण दुसरी व्यथा सत्ता गेल्याची असते. रुग्णालयात पाऊल टाकताच त्याचे कपडे बदलतात, जेवणाची वेळ बदलते, नावाऐवजी खाटेचा क्रमांक येतो. त्याला काही येत नाही, काही कळत नाही, असे सारेजण गृहीत धरतात. अशा वेळी एक माणूस येतो, ज्याला त्याच्याहूनही कमी कळते. तो दाराला ढकलायचे तेथे ओढतो, टोपी पायात घालू पाहतो, स्टेथॉस्कोप नाकाला लावतो. मूल म्हणते, "अहो, तसे नाही, असे!" त्या क्षणी ते मूल शिक्षक होते. गेलेली सत्ता थोडीशी परत येते. ज्याच्या हाती थोडी तरी सत्ता आहे, त्याला मूठ वळावी लागत नाही. समाधान वाढणे आणि आक्रमकता ओसरणे या एकाच मुळाच्या दोन शाखा आहेत, त्या अशा.

तराजूत घातलेले हास्य

भाविकाने भावनेवर विसंबावे हे ठीक. परंतु रुग्णाच्या बाबतीत पुरावाही पाहावा. तो बऱ्याच अंशी अनुकूल आहे. २०२० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात एक समीक्षा प्रसिद्ध झाली. तीत बालरुग्णालयांतील विदूषकांविषयीचे २४ अभ्यास एकत्र तपासले होते. त्यांतील मुलांची संख्या १,६१२ होती. विदूषकांच्या सहवासात मुलांची चिंता घटते व मनःस्वास्थ्य सुधारते, असा त्याचा निष्कर्ष. वेदनेच्या बाबतीत मात्र सर्व अभ्यासांचा कौल एकसारखा नव्हता.

इटलीतील फ्लॉरेन्स येथे २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बोलका आहे. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याच्या खोलीत ५ ते १२ वर्षांच्या ४० मुलांपैकी निम्म्यांसोबत पालक आणि विदूषक, तर निम्म्यांसोबत पालकच ठेवले. विदूषक असलेल्या मुलांची धास्ती पुष्कळ कमी भरली. पण गंमत अशी की, विदूषकांमुळे कामात अडथळा येतो म्हणून तेथील कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांनी हा उपक्रम पुढे चालू ठेवण्यास विरोध दर्शविला. सेवा करणाऱ्याची अडचणही खरी असते. म्हणूनच चरकाचार्यांनी 'देशकालविद्' हा शब्द योजला.

क्रोधाविषयीचा सर्वांत उद्बोधक अभ्यास ऑस्ट्रेलियात झाला. सिडनी येथील ३५ वृद्धसेवागृहांतील ३९८ वृद्धांना त्यात घेतले होते. त्यांतील अनेकांना स्मृतिभ्रंश जडला होता. या व्याधीत माणूस अकारण चिडतो, ओरडतो, सेवकावर हात उगारतो. निम्म्या सेवागृहांत १२ आठवड्यांच्या काळात खास शिकविलेले विदूषक नेमाने जात राहिले आणि तेथील एकेका सेवकालाही विनोदाची दीक्षा दिली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खिन्नतेत फरक पडला नाही. परंतु चिडचिड व अस्वस्थता मात्र निश्चित कमी झाली, आणि विदूषकांच्या भेटी थांबल्यानंतरही तो परिणाम टिकून होता. ज्याची स्मृती गेली, नावे गेली, नाती गेली, त्याच्यापाशीही हसण्याची जागा शिल्लक राहते. नाम विसरलेल्या वृद्धाला टाळ वाजताच ठेका धरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

नुसते हसू पुरत नाही

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिली अशी की, विदूषक सर्वांनाच आवडतो असे नाही. २००८ साली इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते १६ वयाच्या सुमारे २५० मुलांना रुग्णालयाच्या सजावटीविषयी विचारले, तेव्हा भिंतीवरची विदूषकांची चित्रे मुलांना नकोशी वाटतात, काहींना तर भीतिदायक वाटतात, असे दिसून आले. भिंतीवरचे चित्र परवानगी विचारू शकत नाही आणि 'नको' म्हटले तर निघून जात नाही, हे येथे लक्षात घ्यावे. म्हणूनच आजचे बरेच विदूषक चेहरा फारसा रंगवीत नाहीत. लहानसे लाल नाक पुरते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रुग्णालयात खाटा कमी, डॉक्टर थकलेले, औषधे बाहेरून आणायची आणि कोणी काही सांगायचे नाही, अशी स्थिती असेल, तर विदूषक आणून लोकांचा राग निवविणे हे जखमेवर जरीची पट्टी बांधण्यासारखे होईल. मावशींनी हसूबरोबर बातमीही दिली होती, ते यासाठीच. इंग्लंडमध्ये तातडीच्या उपचार विभागांतील हिंसा कमी करण्यासाठी 'डिझाइन कौन्सिल' या संस्थेने एक साधा उपाय योजला. रुग्णालयात भिंतीवर ठळक फलक लावले : आपण आता कोठे आहात, पुढे काय होणार, थांबावे का लागते. २०१३ साली त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. तीन चतुर्थांश रुग्णांनी या फलकांमुळे प्रतीक्षेचा वैताग कमी झाल्याचे सांगितले आणि धाकदपटशाचे वर्तन निम्म्यावर आले. कोणी कोणाला हसविले नव्हते. केवळ अज्ञान दूर केले होते.

तेव्हा क्रोधाला दोन औषधे आहेत, ज्ञान आणि प्रसन्नता. गीतेने क्रोधाची वंशावळ सांगितली, तसे लगेच पुढे हेही सांगितले की, चित्त प्रसन्न झाले म्हणजे बुद्धी स्थिरावते. रुग्णालयाने ज्ञान द्यावे, विदूषकाने प्रसन्नता द्यावी. एकाने दुसऱ्याचे काम करू पाहिले, तर दोन्ही फसतील.

नाथांघरची रीत

आता मूळपदावर येऊ. नाथांचा एक प्रसंग संतचरित्रकारांनी सांगितला आहे, तो बहुतेक घरांतून ठाऊक असेल. पण आजच्या विषयाच्या प्रकाशात तो पुन्हा आठवावा. पैठणात एक गरीब ब्राह्मण आला. त्याला मुलाची मुंज करावयाची होती आणि गाठीस पैसा नव्हता. काही टवाळखोरांनी त्याला सांगितले, "एकनाथांना राग आणून दाखव, आम्ही तुला दोनशे रुपये देतो." बिचारा कामाला लागला. नाथ पूजेस बसले होते. हा सरळ जाऊन त्यांच्या मांडीवर बसला. नाथ हसले आणि म्हणाले की, भेटीला पुष्कळ येतात, पण इतक्या जवळिकीने भेटणारे आपणच. पुढे भोजनाच्या वेळी गिरिजाबाई वाढण्यासाठी वाकल्या, तर याने त्यांच्या पाठीवरच उडी घेतली. नाथ म्हणाले, "सांभाळा, ब्राह्मण पडेल हो." त्यावर ती माउली म्हणाली, "हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे. मी यांना बरी पडू देईन." हरी म्हणजे त्यांचा पुत्र.

ब्राह्मण खाली उतरला आणि रडू लागला. तेव्हा कोठे मुंजीची गोष्ट बाहेर आली. दोनशे रुपयांसाठी हे चालले होते, हे ऐकून नाथ म्हणाले, "आधी सांगितले असते, तर मी रागावलो असतो, तुमचे काम झाले असते."

वाचकहो, या कथेत खरा विदूषक कोण, याचा विचार करावा. अंगावर धावून आलेल्या माणसाला नाथ-गिरिजाबाईंनी उपदेश केला नाही, त्याला लाजविलेही नाही. एका विनोदाने त्याला आपल्या घरचे लेकरू करून टाकले. आणि त्या आक्रमणाच्या मुळाशी काय निघाले? पोराच्या मुंजीची चिंता. रुग्णालयात मूठ आवळून उभ्या असलेल्या तरुणाच्या मुळाशीही बहुधा अशीच काही चिंता असते : आईची, लेकराची, उसन्या आणलेल्या पैशांची. म्हणून त्याची मारहाण क्षम्य ठरत नाही. पण ती टाळता येण्याजोगी ठरते.

आपण गृहस्थांनी यातून काय घ्यावे? आजाऱ्याच्या समाचाराला जाताना उंबऱ्यावर क्षणभर थांबून "येऊ का?" असे विचारावे. तो नको म्हणाला, तर मनाला लावून घेऊ नये. अमक्याला हाच रोग झाला होता आणि तो दगावला, अशा कथा बाहेरच ठेवाव्यात. रोग्याला काहीतरी विचारावे, त्याच्याकडून काही शिकावे. पेटीचा सूर असो की लोणच्याचे प्रमाण. घटकाभरात उठावे. बाहेर ओसरीत बसलेल्या अनोळखी माणसाला पाणी विचारावे, आतली बातमी कळली असेल तर सांगावी. डॉक्टर-परिचारिकांशी बोलताना त्यांनाही घरी कोणी वाट पाहणारे आहे, हे स्मरावे. आणि ज्या भजनी मंडळांपाशी भारुडाची परंपरा आहे, त्यांनी नजीकच्या रुग्णालयाची रीतसर अनुमती घेऊन, तेथील शिस्त शिकून, वर्षातून काही दिवस ही सेवा करता येईल का, याचा अवश्य विचार करावा. मोठ्या आवाजाचा टाळमृदंग तेथे नको. एक वासुदेवाची मोरपिसांची टोपी आणि एक मऊ सूर पुरे.

आज रात्री ठिकठिकाणी भारुडे होतील. बहिऱ्याच्या सोंगाला आपण पोट धरून हसू. हसून झाल्यावर क्षणभर त्या खाटांकडे मन वळवावे, जेथे आज कोणीही सोंग घेऊन जाणार नाही. शांतिब्रह्म नाथमहाराज सर्व आजाऱ्यांस आराम देवोत, त्यांच्यासाठी जागणाऱ्यांस धीर देवोत आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांचे रक्षण करोत, हीच आजच्या षष्ठीस प्रार्थना.